पाठमोरा

मंजुश्रीला उलटं काही बघवत नसे. दारात चप्पल पालथी दिसली की ती जाता जाता पायाने सुलटी करायची, मग चप्पल शेजारच्यांची का असेना. ताटात भाकरी उलटी वाढली तर परतवून मगच तुकडा मोडायची. उदगीरला माहेरी भाऊ चिडवायचे, की हिला चुकून म्हशीवर उलटं बसवलं तर ही स्वतः फिरायची नाही, म्हैस फिरवील. नांदेडातल्या ज्या तपासणी केंद्रात ती सात वर्षं नोकरीला होती, तिथे मात्र तिला ह्याच खोडीचा पगार मिळत होता.

काम गुणसूत्रं लावण्याचं. हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त यायचं, त्यातल्या पेशी तीन दिवस वाढवायच्या, काचेवर फोडायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकातून फोटो घ्यायचा. फोटोत शेहेचाळीस गुणसूत्रं, अंगणात सांडलेल्या शेवयांच्या तुकड्यांसारखी कशीही पडलेली. एकेकाला उचलायचं, त्याचा जोडीदार शोधायचा आणि दोघांना शेजारी शेजारी उभं करायचं. प्रत्येकाला एक कंबर असते. कंबरेच्या एका बाजूचा हात आखूड, दुसऱ्या बाजूचा लांब. आखूड हात वर, लांब हात खाली, हा जगभरचा नियम. अंगावर काळे-पांढरे पट्टे असतात आणि जनुकाचा पत्ता कंबरेपासून ते पट्टे मोजून सांगतात, चावडीपासून घरं मोजावीत तसा. आधी वर कुठलं, खाली कुठलं ते ठरलं पाहिजे. ते चुकलं की पुढचं सगळंच चुकलं, असं मंजुश्री नव्या मुलींना पहिल्या दिवशीच बजावून सांगायची. सांगताना तिचा आवाज जरा चढायचाच.

यंदा आषाढात केंद्रात नवं सॉफ्टवेअर आलं. गुणसूत्रं आपणहून ओळखून लावणारं, पण त्याला आधी शिकवावं लागणार होतं. जुन्या, निर्दोष ठरलेल्या दोनशे पेशंटांचे फोटो त्याला दाखवायचे, हे काम केंद्राचे प्रमुख डॉक्टर आनंदराज यांनी मंजुश्रीवर टाकलं. तिसऱ्या दिवशी एका फाईलमधली आठवी जोडी लाल चौकटीत आली. जोडीतलं एक नीट उभं होतं, दुसरं डोक्यावर. मंजुश्रीने ते सुलटं केलं, साठवलं आणि पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल उघडली तर ते पुन्हा डोक्यावर. तिने पुन्हा सुलटं केलं. जेवण करून आली तर पुन्हा उलटं. कुणी तरी चेष्टा करतंय असं वाटून तिने नव्या मुलींना झाडलं. त्या बिचाऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मंजुश्रीने त्यांच्या समोर ते सुलटं केलं, फाईल बंद केली आणि लगेच उघडली. ते डोक्यावर उभं होतं. तेव्हा कुठे तिने फाईलवरचं नाव वाचलं.

संगमेश. देगलूरच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या सीमेला लागलेल्या गावचा. चार वर्षांपूर्वी त्याचं आणि त्याच्या बायकोचं, वर्षाराणीचं, रक्त लातूरच्या एका डॉक्टरांनी पाठवलं होतं. फॉर्मवर लिहिलं होतं: दोन गर्भ तिसऱ्या महिन्यात गेले, एक मूल जन्मून अकराव्या दिवशी गेलं. मंजुश्रीला तो शुक्रवार आठवला. लातूरला मावसबहिणीचा साखरपुडा होता, चारची बस गाठायची होती, आणि संगमेशच्या आठव्या जोडीतलं एक गुणसूत्र लांब हात वर करून उभं होतं. दारातली चप्पल सुलटी करावी तितक्या सहज तिने ते फिरवलं. त्याच्या पाच पेशींचे पाच फोटो होते, पाचहींत फिरवलं. एक क्षण तिला वाटलं होतं की टोकाशी जिथे काळा पट्टा हवा तिथे पांढरा दिसतोय. रंग नीट चढला नसेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि पर्स उचलली. रिपोर्ट गेला: दोघांचीही रचना सामान्य.

आता तिने घाई केली नाही. पट्टा पट्टा मोजत गेली. ते गुणसूत्र उलटंही नव्हतं आणि सुलटंही नव्हतं. दोन्ही टोकं आपापल्या जागी होती; मधलाच मोठा तुकडा, कंबरेसकट, कधी तरी तुटून फिरला होता आणि उलटा चिकटला होता. टोकं बघून उभं केलं तर मधलं उलटं, मधलं बघून उभं केलं तर टोकं उलटी. कसंही उभं करा, काही ना काही पाठमोरं राहणारच. म्हणून सॉफ्टवेअरला ठरवता येत नव्हतं आणि ते पुन्हा पुन्हा फिरवत होतं. मंजुश्रीने मात्र चार वर्षांपूर्वी बसच्या घाईत ठरवून टाकलं होतं.

अशा माणसाला स्वतःला काही होत नाही. सगळं जागच्या जागी असतं, फक्त थोडं उलट्या तोंडाने. मूल व्हायच्या वेळी मात्र दोन जोडीदार शेजारी येऊन तुकडे बदलतात, आणि एकाची माळ उलटी ओवलेली असली तर अदलाबदलीत मुलाच्या वाट्याला एक टोक दुप्पट येतं आणि दुसरं येतच नाही. असं मूल टिकत नाही. हे आधी कळलं तर पुढच्या वेळी गर्भाभोवतीच्या पाण्याची तपासणी करता येते, निदान माणसाला कशाशी गाठ आहे ते तरी कळतं. संगमेश आणि वर्षाराणीला ते कळायला हवं होतं. त्यांच्या हातात मंजुश्रीने ‘सामान्य’ असा कागद दिला होता.

त्या दिवशी घरी आल्यावर दारात नवऱ्याची चप्पल पालथी पडलेली होती. मंजुश्री तिच्याकडे बघत उभी राहिली. तिला चपलेला पाय लावायची भीती वाटली. पुढचे दोन दिवस ती स्वयंपाकघरात भाकरी परतायलाही कचरत होती, आणि डोळे मिटले की ते गुणसूत्र तिच्याकडे पाठ करून उभं राहायचं.

डॉक्टर आनंदराजांनी फोटो बघितले. बराच वेळ बघितले. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता.

“रिपोर्टवर सही माझी आहे, मंजुश्री.”

“लावलं मी होतं, सर.”

“आधी दोघांचे नमुने पुन्हा आणा. यंत्र नवीन आलंय, फुकट तपासून देतोय, एवढंच सांगा. बाकी काही बोलू नका. खात्री झाली की बघू.”

पेशंटला इकडे बोलवून घ्यायची रीत होती. पण मंजुश्रीने स्वतः जायचं ठरवलं, आणि डॉक्टरांनी अडवलं नाही. पहाटेची देगलूरची बस, तिथून ऑटो. ऑटोवाला अर्धं मराठी, अर्धं तेलुगू बोलत होता आणि मधूनच कानडीत कुणाला तरी फोनवर शिव्या देत होता. एरवी मंजुश्रीला ह्याची गंमत वाटली असती.

दार वर्षाराणीने उघडलं. तिला बघून मंजुश्रीला आणखी एक धक्का बसला, कारण तिला दिवस गेलेले होते. चौथा महिना. ‘सामान्य’ रिपोर्टानंतर एक सहाव्या महिन्यात गेलं होतं, हे तिने चहा देता देता सांगितलं. सांगताना तिने मंजुश्रीकडे नाही, कपाकडे बघितलं. संगमेश देगलूरच्या मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून, निघून आला. दोघांचं रक्त घेऊन झालं. कोपऱ्यात संगमेशची आई बसली होती, कपाळावर विभूती, हातात जपाची माळ. इतका वेळ ती बोलली नव्हती.

“आता काय तपासायचं ऱ्हायलं?” ती म्हणाली. “दोष घरातच घावला. काढून बी टाकला. आता बी न्हाई टिकलं, तर मंग दोष हिच्यातच. हिला माहेरी धाडायचा इचार करून राहिलो आमी.”

वर्षाराणी रिकामे कप उचलत होती, तिचा हात थांबला. संगमेश खाली बघत राहिला.

“दोष घावला म्हणजे?” मंजुश्रीने विचारलं.

संगमेशचे वडील गुरुपादप्पा नऊ वर्षांपूर्वी गेले होते. ह्या लिंगायत घरात, मंजुश्रीच्या घरातल्यासारखंच, माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग ठेवतात आणि बसल्या बसल्या समाधी देतात. ह्या घराच्या रीतीत तोंड उत्तरेकडे हवं. गुरुपादप्पांना बसवलं त्या दिवशी भाद्रपदाची झड लागलेली, सूर्याचा पत्ता नव्हता. सहाव्या महिन्यातलं मूल गेल्यावर आईने एका जाणत्याला विचारलं, आणि तो म्हणाला की तुमच्या घरातलं कुणी तरी दक्षिणेकडे तोंड करून बसलंय. रिपोर्टात तर दोघंही चांगले होते. मग दुसरं काय असणार, असं सगळ्यांना वाटलं. गेल्या माघातल्या अमावास्येला, मठातल्या स्वामींच्या कानावर न घालता, समाधी उकरली. गुरुपादप्पा खरंच उलटे निघाले. फिरवून बसवले. दोन महिन्यांत वर्षाराणीला दिवस गेले.

हे सांगून आई पुन्हा जपाला लागली. मंजुश्रीच्या एका कागदामुळे ही माणसं समाधी उकरण्यापर्यंत गेली होती.

दाराशी संगमेशचा चुलता बसला होता, धोंडप्पा. पासष्टीचा, उंच, कमी बोलणारा. त्याला मूलबाळ नव्हतं. थोरल्या भावाच्या पोरालाच त्याने आपलं मानलं होतं. तो उठला आणि मंजुश्रीची पिशवी उचलली.

“चला माय, फाट्यापर्यंत सोडतो.”

वाट रानातून होती. सकाळचे अकरा वाजले असतील, ऊन लख्ख पडलेलं, सोयाबीन घोट्याएवढं आलेलं. बांधाजवळ समाधी होती, सिमेंटचा चौथरा आणि वर दगडी पिंड. चौथऱ्याचा एका बाजूचा गिलावा नवा होता. धोंडप्पा समाधीला हात जोडायला थांबेल असं मंजुश्रीला वाटलं. पण तो समाधीकडे बघतच नव्हता, पलीकडच्या बांधाकडे बघत होता.

“तितं कोन बसलंय, दिसून राहिलं का तुमाला?”

बांधावर गवत होतं, एक बोरीचं झुडूप होतं. दुसरं काही नव्हतं.

“कुणी न्हाई, अप्पा.”

“अण्णा बसलाय. आमचा थोरला.” धोंडप्पा अगदी साध्या आवाजात बोलत होता, शेजाऱ्याबद्दल बोलावं तसा. “गेल्यापासून येतो. कामाची धांदल असली की येऊन बसायचा, माज्याकडं त्वांड करून. बोलायचा न्हाई. लई बरं वाटायचं मला. ह्या माघापासून पाठ करून बसतो. मी बांधाच्या त्या अंगाला गेलो, तरी पाठच. फिरून ह्या अंगाला आलो, तरी पाठच. कुटूनबी बगा, पाठच.”

मंजुश्रीने इतके दिवस पडद्यावर हेच बघितलं होतं. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून बजावलं होतं, नोकरी जाईल हेही दिसत होतं, पण त्या म्हाताऱ्याच्या शेजारी उभं राहून तिला गप्प बसवेना.

“अप्पा, चूक माझी हाय,” ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. शुक्रवार, बस, मावसबहिणीचा साखरपुडा, काहीच गाळलं नाही. संगमेशच्या रक्तात एक तुकडा उलटा आहे, तो आपण न बघता सुलटा केला. वर्षाराणीत काही नाही. मुलं त्या तुकड्यामुळे गेली. आताच्या मुलाचंही पाणी तपासायला हवं. बोलता बोलता तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

धोंडप्पा शेवटपर्यंत ऐकत होता. तो चिडला असता तर मंजुश्रीला बरं वाटलं असतं.

“म्हंजी पोरीत दोष न्हाई?”

“न्हाई.”

“कागदावर लिहून द्याल?”

“देईन.”

“तुमच्या नावानं? माजी चूक झाली म्हनून?”

“हाव, अप्पा.”

धोंडप्पा चौथऱ्याच्या कडेला टेकला. रुमालाने तोंड पुसलं.

“मंग आता सांगतो. उकरलं तवा पयला मी खाली उतरलो. हाडं ढासळलेली. त्वांड कुटं, पाठ कुटं, काय कळत नव्हतं. पन लिंग हुतं. लिंग कुटं आसतं, माय? तुमी आमच्यातल्याच, तुमाला ठाव हाय.”

“डाव्या तळहातावर. नजरेसमोर.”

“ते उत्तरंच्या अंगाला पडलेलं. मांडीच्या हाडाम्होरं. म्हंजी अण्णा उत्तरंलाच बगत हुता. बरुबर बसला हुता. मीच बसवला हुता की त्येला, झड आसली म्हनून काय झालं.”

“मग फिरवला कशाला?”

“वर वैनी हुबी, संगमेश हुबा. अण्णा बरुबर हाय म्हनलो आसतो, तर दोष कुटं गेला आसता? त्या पोरीवर. मी लिंग मुटीत धरलं अन् वरडून सांगितलं, उलटा हाय. अन् फिरवला. ह्या हातानं.” त्याने दोन्ही हात पुढे केले आणि त्यांच्याकडे बघितलं. “तुमी न बगता फिरवला, माय. मी बगून फिरवला.”

मंजुश्री त्याच्या शेजारी खाली मातीतच बसली. एवढं मोठं खोटं इतक्या मायेने बोललेलं तिने कधी ऐकलं नव्हतं, आणि स्वतःच्या चुकीची तिला त्या घटकेला फार लाज वाटली.

“माजी मल्लम्मा अशीच गेली,” धोंडप्पा म्हणाला. मल्लम्मा त्याची बायको. “चार लेकरं ऱ्हायली न्हाईत आमची. आमच्या आईनं म्हनलं, हिची कूस वाईट हाय, हिला माहेरी सोड. औरादच्या अंगाला माहेर तिचं. गाडी मीच जुंपली. वाटंत ती मला एक सबुद बोलली न्हाई, माज्याकडं पाठ करून गाडीत बसली. दोन सालांनी तितंच मेली. तवा मला फिरवायला कुनी मेलेला घावला न्हाई, माय. न्हाईतर तवाच फिरवला आसता.”

बांधावर वारा सुटला होता. मंजुश्रीने डोळे पुसले, आणि तिच्यातली कामाची बाई जागी झाली. संगमेशचा उलटा तुकडा आईकडून आला की बापाकडून, ते रिपोर्टात लिहावं लागतं. बाप तर समोर मातीत बसला होता. पण बापाचा सख्खा भाऊ होता.

“अप्पा, तुमचं रगत घेऊ का? घरात हे कुठून आलंय ते कळंल.”

धोंडप्पाने काही न विचारता बाही वर केली. शीर ठसठशीत होती, नळी लगेच भरली. टोपण लावून नळीवर नाव लिहिताना मंजुश्रीचा हात थबकला. चार लेकरं. आपण आत्ता काय मागून घेतलं, ते तिला तेव्हा कळलं. पुन्हा एकदा तिने काम आधी केलं होतं आणि बघितलं मागून. नळी ओतून द्यावी असं तिला वाटलं. पण फाट्यावर ऑटो उभा होता, आणि धोंडप्पा पिशवी घेऊन पुढे चालायला लागला होता.

दहा दिवसांनी तिन्ही रिपोर्ट तयार झाले. वर्षाराणीच्या तेवीसच्या तेवीस जोड्या ठाकठीक. संगमेशची आठवी जोडी मंजुश्रीला पाठ झाली होती. धोंडप्पाची काच तिने सगळ्यात शेवटी लावली. आठव्या जोडीतलं एक गुणसूत्र पडद्यावर आलं, आणि टोकाशी जिथे काळा पट्टा हवा तिथे पांढरा होता.

मागून नवी मुलगी म्हणाली, “ताई, हे उलटं पडलंय ना? फिरवू?”

“हात लावू नकोस त्याला,” मंजुश्री इतक्या मोठ्याने ओरडली की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली.

वर्षाराणीच्या रिपोर्टासोबत तिने दुसरा कागद जोडला. आधीच्या रिपोर्टात संगमेशच्या आठव्या जोडीची दिशा चुकीची लावली गेली, ती मी लावली होती, असं त्यावर साध्या मराठीत लिहिलं आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं. डॉक्टर आनंदराजांनी तो कागद दोनदा वाचला. “मी बघायला हवं होतं,” एवढंच म्हणाले, आणि त्यांनीही सही केली. नोकरी गेली नाही. मात्र त्यानंतर मंजुश्रीने लावलेली प्रत्येक जोडी दुसऱ्या कुणी तरी तपासायचा नियम निघाला, आणि तो तिनेच करायला लावला.

वर्षाराणीच्या पोटातलं पाणी तपासलं गेलं. मूल बापावर गेलं होतं: तुकडा उलटा, पण कमी काही नाही, जास्त काही नाही. जगणारं मूल. संगमेशने तो कागद आईला मोठ्याने वाचून दाखवला, असं वर्षाराणीने फोनवर सांगितलं. सासू जप थांबवून ऐकत राहिली आणि मग उठून सुनेसाठी पाणी तापवायला गेली. हे सांगताना वर्षाराणी पहिल्यांदा हसली.

धोंडप्पाचा रिपोर्ट मंजुश्रीच्या खणात पडून होता. तो विचारणार नाही, अशी तिला आशा वाटत होती. हे चुकीचं आहे हे तिला कळत होतं, तरी वाटत होती.

श्रावण संपता संपता, दुपारी, त्याचा फोन आला.

“अण्णाला फिरवला, माय. संगमेशला खरं खरं सांगितलं, स्वामींला बलावलं, अन् उत्तरंला बसवला.”

“आता दिसतात का?”

“दिसतो की. माज्याकडं त्वांड करून बसलाय, पयल्यावानी. पन त्येच्या बाजूला आनखी एकजन बसून राहिलंय. पाठ करून. आदी मला वाटायचं, एकटा अण्णाच हाय. आता अण्णा फिरला, तवा मागचं दिसाया लागलं. लुगडं हाय, माय. डोईवर पदर हाय.”

मंजुश्रीने खण उघडला. रिपोर्ट बाहेर काढला आणि पुन्हा आत ठेवला.

“माज्या रगताचं काय निगालं? तुमी बोलला न्हाईत.”

काही निघालं नाही, असं म्हणायला दोन शब्द पुरले असते. म्हातारा निवांत झाला असता. खड्ड्यात उतरून त्याने असेच दोन शब्द उच्चारले होते, आणि त्यांनी एक जिती पोर वाचवली होती. पण हे दोन शब्द वाचवणार होते ते फक्त धोंडप्पाला आणि मंजुश्रीला, आणि औरादच्या अंगाला मातीत बसलेल्या त्या बाईवर दोष तसाच राहणार होता. मंजुश्रीने त्या बाईला कधी बघितलं नव्हतं, तरी तिच्या डोळ्यासमोर गाडीत पाठमोरी बसलेली बाई आली.

“अप्पा, तुमच्यात बी तसंच हाय. संगमेशभाऊसारखंच.”

फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता.

“म्हंजी ती चार लेकरं...”

“हाव.”

“मल्लम्मात काय नव्हतं?”

“तिचं रगत मी बघितलं न्हाई, अप्पा. पण लेकरं जायला हे एकटंच पुरेसं हाय.”

धोंडप्पाचा आवाज आला, इतका बारीक की तिला मोबाइल कानाशी दाबून धरावा लागला.

“अण्णाचं सोपं हुतं, माय. त्येला कुटं त्वांड करून बसवला, मला ठाव हुतं. हिला कुटं त्वांड करून बसवली, मला ठाव न्हाई. मी गेलोच न्हाई तिच्या मातीला.”

फोन त्याने बंद केला नाही. ढेकळं तुडवत चालल्याचा आवाज येऊ लागला, बांधाच्या दिशेने असणार. मध्ये एकदा त्याने मल्लम्माला हाक मारली, आणि थांबून थोडा वेळ वाट बघितली. मग पुन्हा पावलं सुरू झाली. मंजुश्री मोबाइल कानाला लावून बसून राहिली.